पेवावरचे दोन पंजे

आमच्या घरात गहू मी निवडतो. सकाळचं वर्तमानपत्र वाचून झालं की अंगणात सतरंजी टाकायची, सूप मांडीवर घ्यायचं आणि सुनेने काढून दिलेला गहू पसा पसा पुढे ओढत बसायचं. थोरल्या सुनेला याची लाज वाटते. पाहुणे आले की ती हळूच येऊन म्हणते, "बाबा, चलो न आत. लोक काय म्हणून राहिले असतील?" मग मी मुद्दामच जागचा हलत नाही.

लोकांना म्हणू दे. खडा दिसला की मी तो लगेच फेकत नाही. दोन बोटांत धरून उलटापालटा करतो, एका बाजूने पांढरा आहे का ते पाहतो. चाळीस वर्षं झाली, तसा खडा पुन्हा मिळालेला नाही. तरी पाहतो. कशासाठी, ते घरात कोणाला सांगितलेलं नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं आता भेटायची नाहीत, आणि पोटात ठेवून माझंही काही भलं झालं नाही. म्हणून लिहितो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. थोडं इंग्रजी शिकलेला, डोक्यावर काळी टोपी आणि स्वतःच्या अकलेवर भलताच खूश. जबलपूरच्या मालधक्क्याजवळ एका पेढीची वखार होती. आमच्या मध्यप्रांताचा गहू ती मुंबईला पाठवायची आणि तिथून तो बोटीने विलायतेला जायचा. त्या वखारीत मी परखीवर होतो. परखी म्हणजे लोखंडाची पोकळ, टोकदार नळी. ती पोत्यात खुपसली की आतला मूठभर गहू हातावर येतो, पोतं उसवावं लागत नाही. दाणे तळहातावर पसरायचे, एखादा दाताखाली फोडायचा आणि माल घ्यायचा की परत करायचा ते सांगायचं. माझ्या एका शब्दावर दहा-दहा गाड्यांचे बैल उलटे फिरत. त्या वयात डोकं ठिकाणावर राहणं कठीणच होतं.

त्या धंद्यात मातीचा एक प्रकार होता. विलायतेच्या गिऱ्हाइकाशी सौदाच असा असे की मालात ठरावीक हिस्सा माती-काडी निघणार, आणि भाव ती धरूनच. गहू स्वच्छ दिला तर एक छदाम जास्त मिळत नसे. मग स्वच्छ देणार कोण? शेतकऱ्याने उफणून, चाळून आणलेला गहू आमच्या फरशीवर ओतला जाई आणि नाल्याकाठची माती टोपल्यांनी आणून, कुटून त्यात फावड्याने मिसळली जाई. दोन बाया नुसत्या त्याच कामावर होत्या. त्यांच्या घरी सणालासुद्धा गव्हाची पोळी होत नसेल, आणि इथे दिवसभर त्या गव्हात माती मिसळत.

ही गंमत मी शहराच्या कडेला, गढ्याच्या आमच्या घरी मोठ्या ऐटीत सांगितली. आई सूप घेऊन बसली होती. तिचा हात थांबला.

"काहून?" ती म्हणाली. "खाणाऱ्यांनी मागितली काय माती?"

"अगं, सौदाच तसा आहे. तिकडे गिरणीत धुऊन घेतात."

"धुवायचीच आहे तर घालता काहून?"

मी हसलो. निवडल्याशिवाय धान्य ना शिजवायचं, ना कोणाला द्यायचं, हा तिचा नेम. दारावर भिक्षा मागायला आलेल्यालासुद्धा ती "थांब बापा" म्हणून बसवायची आणि मूठभर तांदूळ आधी निवडायची. मला तो रिकामपणाचा उद्योग वाटायचा.

आमचं गाव बरगीकडे, नर्मदेच्या अंगाला. नागपूरकरांच्या चाकरीत इकडे आलेल्या कोणा पूर्वजाला मालगुजारी, म्हणजे काही गावांची जमीनदारी, मिळाली होती. वाटे होत होत आमच्याकडे एक गाव आणि त्याचा ताठा तेवढा उरला होता. बाबा राहायचे शहरात, पण पेरणी-कापणीला गावी असायचे. तिथला खरा कारभार कक्कांच्या हातात होता. कक्का म्हणजे आमचे सगळ्यांत जुने सालदार, सालाच्या बोलीवरचे गडी. जातीने गोंड, बाबांहून दहा वर्षांनी मोठे. त्यांना घरातले सगळेच कक्का म्हणायचे, बाबासुद्धा.

गावाबाहेर उंच मुरमाड जागेवर आमचं गव्हाचं पेव होतं. दोन पुरुष खोल, आतून शेणामातीने लिंपलेलं, गवताचं आणि कडुनिंबाच्या पाल्याचं अस्तर दिलेलं. ते भरलं की तोंडावर फळ्या, फळ्यांवर भुसा आणि त्यावर भुसा-शेण घालून मळलेल्या मातीचा जाड थर. माती ओली असतानाच तिच्यावर दोन पंजे उमटवायचे. एक मालकाचा, एक गावातल्या सगळ्यांत जुन्या नांगऱ्याचा. थर वाळला की वरून पातळ चुना ओतायचा, म्हणजे पांढऱ्यावर दोन पंजे लांबूनही दिसत. पेव उघडायचं ते पाऊस गेला किंवा गव्हावर तांबेरा पडला तरच, आणि उघडायचं दोघांनी मिळून. ज्याचा पंजा त्यानेच फोडायचा. चांगल्या सालात गहू बदलायला उघडत तेव्हाही हाच रिवाज. जुना गहू गावात वाटायचा आणि नवा भरायचा. कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं म्हणूनच मला ते फारसं खरं वाटत नसे.

विलायतेची मागणी आली तशी गावाची घडी बदलली. नवा गहू पेवात न जाता खळ्यावरूनच गाडीत चढू लागला. ज्या शेतांत लोक आपल्यापुरती ज्वारी नि कोदो पेरत, तिथेही गहूच पेरू लागले, कारण त्याला भाव होता. पूर्वी कापणाऱ्यांना मजुरी म्हणून पेंढ्या मिळत. आता पेंढी महाग पडते म्हणून नाणं हातावर ठेवू लागले. ही शेवटची सुधारणा बाबांना मीच सुचवली होती. नाण्यात काय वाईट, बाजारात जाऊन हवं ते घ्या! बाजारात काही उरलंच नाही तर काय घ्यायचं, हा विचार माझ्या शिकलेल्या डोक्यात आला नाही.

त्या वर्षी ऐन जेठात विलायतेचा भाव एकाएकी चढला. आमच्या वखारीच्या बडे बाबूंनी मला बोलावून सांगितलं, तुमच्या गावाकडून चांगला मोठा माल आणा, नोकरी पक्की करून देतो. गावात नवा दाणा उरला नव्हता. होता तो पेवात. मी गाड्या घेऊनच गावी गेलो.

बाबा पेवाजवळ लिंबाखाली बसले होते आणि कक्का उभे होते. मी भाव सांगितला. बाबांनी कक्कांकडे पाहिलं.

"पानी गिर जान दो, भैया," कक्का मला म्हणाले. "दो महीना की तो बात आय."

"दो महीने में भाव उतर जाएगा, कक्का."

"और पानी नईं गिरो तो?"

"गिरेगा कैसे नहीं? हर साल गिरता है."

ते जागचे हलले नाहीत. गाडीवाले ताटकळले होते, ऊन तापत होतं, आणि माझी पक्की नोकरी त्या दोन पंजांखाली अडकली होती. मी चिडलो. कक्कांना कळू नये म्हणून बाबांना मराठीत म्हणालो, "गाव आपलं, पेव आपलं. आता सालदाराला विचारून विकायचं काय?"

चाळीस वर्षं आमच्या घरात काढलेल्या माणसाला मराठी कळत नाही असं समजण्याइतका मी मूर्ख होतो. कक्कांनी मान खाली घातली. बाबा उठले, पहार घेतली आणि आपला पंजा फोडला. मग पहार तिथेच टाकून, माझ्याकडे न बघता परत झाडाखाली जाऊन बसले. त्यांनी मला नाही म्हटलं नाही. याचा राग मला पुढे कित्येक वर्षं होता. आपला अपराध कोणी अडवला नाही म्हणून दुसऱ्यावर रागवायचं, ही माझी जुनी खोड आहे.

दुसरा पंजा तसाच होता. कक्का हात मागे बांधून उभे. मी पहार उचलली.

"भैया, वो मेरो हाथ आय," ते म्हणाले.

मी घाव घातला. चुन्याचा थर तडकला, पंजाची बोटं वेगवेगळी झाली. दोन तासांत पेव रिकामं व्हायला लागलं. गहू सोन्यासारखा निघाला, कठिया वाणाचा, कडक, एका दाण्याला कीड नाही. इतका स्वच्छ की मला हळहळ वाटली. वखारीत याच्यात माती घालावीच लागणार. मग इथली का नको? तोंडावरच्या त्या थराची ढेकळं मी तिथेच कुटवली, गव्हात मिसळवली आणि पोती शिववली. पोत्यांवर गेरूच्या दोन रेघा ओढल्या, आमच्या गावची खूण. गाड्या निघाल्या तेव्हा मी पुढच्या गाडीवर बसून शीळ घालत होतो.

नोकरी पक्की झाली.

पाऊस सुरुवातीला चांगला पडला. बांध घातलेली शेतं भरली, आणि मी बाबांना दोनदा सुनावलं की पाहा. भाद्रपदात तो थांबला तो थांबलाच. हस्ताचा एक थेंब आला नाही. शेतांतलं पाणी आटलं, काळी माती भेगाळली, नांगराचा फाळ आत जाईना. गव्हाची पेरणीच झाली नाही. तेव्हा भाव रुपयाला किती शेर असा सांगत. दुकानदार सकाळी एक आकडा सांगे आणि दुपारी त्याहून कमी. मालधक्क्यावरून गव्हाच्या वाघिणी तरीही मुंबईकडे जातच होत्या. लोक रुळाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून बघत. ओरडत नसत, नुसते बघत. पेढीच्या माणसांची ती काळी टोपी मी काढून खिशात ठेवू लागलो.

मग एक दिवस वाघिणी थांबल्या. आमच्या शहरातला भाव विलायतेच्याही वर गेला होता. गहू इथेच विकण्यात नफा होता, आणि पेढीला नफ्याशी मतलब. आमच्या गावची पोती, भाव आणखी चढेल म्हणून राखून ठेवलेली, अजून वखारीतच पडून होती. रोज त्या गेरूच्या रेघांवरून माझी नजर जायची आणि रोज मी ती दुसरीकडे वळवायचो.

मार्गशीर्षात एका दुपारी कक्का गढ्याच्या घरी आले. बरोबर त्यांची सून होती, दिवस भरत आलेली. दोघं गावाहून पायी आली होती. त्यांचा मुलगा स्टेशनजवळ आरकाट्याच्या छपरात बसला होता. चहाच्या मळ्यांवर माणसं नेणाऱ्या दलालाला आरकाटी म्हणत. त्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होती. तिकडे गेलेलं कोणी परत आल्याचं आमच्या गावाने पाहिलं नव्हतं. कक्कांनी मुलाकडून एक दिवस मागून घेतला होता.

"दो बोरा मिल जाएँ," ते ओसरीच्या पायरीवर बसून म्हणाले, "तो महुआ लौं निकल जैहै. फिर नईं जाने पड़े." मोहाची फुलं पडायला लागली की जंगल पोटाला काहीतरी देतं, तोवरचाच प्रश्न होता. ते भीक मागत नव्हते. पेवातला आपला वाटा मागत होते, आणि मागतानासुद्धा 'आपला' हा शब्द त्यांनी वापरला नाही.

बाबा आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले नाहीत. आतून फक्त एवढंच ऐकू आलं, "आण."

मी घरात होता नव्हता तेवढा पैसा घेतला आणि धावत सुटलो. वखारीच्या फाटकावर गर्दी, दोन शिपाई, आणि समोरून आमच्याच रेघांची पोती लादलेली शेवटची गाडी बाहेर पडत होती. मी बडे बाबूंना गाठलं. सगळा माल सकाळीच शहरातल्या कांचघर भागातल्या एका व्यापाऱ्याला विकला गेला, ते म्हणाले. मी दोन पोती मागितली, दुप्पट भावाने मागितली, शेवटी हात जोडले.

"अब वो माल हमारा नहीं है," ते म्हणाले आणि कागद पुढे ओढला.

मी गाडीच्या मागे चालू लागलो. माझ्यासारखीच शंभर-दीडशे माणसं चालत होती. चाकांची करकर आणि पायांचा आवाज, बस. एका म्हाताऱ्याने विळ्याचं टोक पोत्याला लावलं आणि गहू धारेने गळू लागला. बाया पदर घेऊन धुळीत वाकल्या, मागच्यांचे पाय त्यांच्या हातांवर पडले, शिपायाची काठी फिरली. मला वाटलं आता गाडी लुटणार, आणि खरं सांगतो, लुटावी असंही वाटलं. तेवढ्यात कोणीतरी माझ्या खिशातून डोकावणारी टोपी ओळखली. "ये उन्हीं का आदमी है!" कोणीतरी माझ्यावर थुंकलं. मी ते पुसलं नाही, कारण हात वर केला असता तर लोक काय करतील याची भीती वाटली.

कांचघरच्या दुकानात माणशी एकच माप मिळत होतं. पैसे कितीही दाखवा. मी तिथे हुज्जत घातली, ओरडलो, मी कोण ते सांगितलं, म्हणजे जे सांगायला नको होतं तेच सांगितलं. मापं भरणाऱ्याने वर न पाहता मला एक माप दिलं. ते उपरण्यात बांधून मी घरी आलो. दोन पोत्यांच्या जागी मांडीवर मावेल एवढी गाठोडी.

ऊन उतरत होतं. कक्का पायरीवरच होते. त्यांनी गाठोडीकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. सून भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

"निवडून देते," आई म्हणाली. मला ओरडावंसं वाटलं की आता निवडत काय बसतेस, पण तिचा चेहरा पाहिला आणि गाठोडी तिच्यापुढे सोडली. तिने गहू सुपात घेतला. पाखडताना मातीची भुकटी उडाली, मग खडे निघू लागले. तिने ते बाजूला ठेवले. एक, दोन, मग मूठभर, मग वाटीभर. गहू कमी होत होता आणि ढीग वाढत होता. मी तोंड फिरवून उभा होतो. नाल्याकाठची माती अशी नसते, हे मला पहिल्या खड्यालाच कळलं होतं.

कक्कांनी हात पुढे करून एक खडा उचलला. सुपारीएवढा. भुसा मिसळलेला, एका बाजूने चुन्याचा पांढरा आणि त्या पांढऱ्यावर बोटाच्या पेराएवढा खोलगट दाब. त्यांनी तो बोटांत फिरवला. मग सावकाश मला म्हणाले, "हमाई मिट्टी आय, भैया. गेहूँ के भाव बिक गई."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो, वाद घातला असता, रडलो असतो. आईने निवडलेला गहू फडक्यात बांधला, घरातलं ज्वारीचं पीठ डब्यासकट त्यावर ठेवलं. कक्कांनी ते घेतलं. वाटेत सुनेला लागणार होतं. तो खडा त्यांनी परत ढिगावर ठेवला, नीट, पांढरी बाजू वर करून. मग दोघं मुलाबरोबर गाडीत बसायला स्टेशनच्या रस्त्याला लागली. बाबा तेव्हा बाहेर आले आणि रिकाम्या पायरीकडे पाहत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी सुटली तेव्हा मी मालधक्क्यावर परखी हातात घेऊन कामावर होतो. तिथून गाडी दिसते. मी पाहिली नाही. त्यानंतर मी नोकरी सोडली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी ती अकरा वर्षं केली.

पुढच्या वर्षी पाऊस आला आणि त्याच्या पुढच्या चैतात गहू भरघोस झाला. बाबांनी कोणाचं न ऐकता एक दाणा विकला नाही. आधी पेव भरायला लावलं. फळ्या टाकल्या, भुसा पसरला, माती मळली. गाव जमलं होतं, जेवढं उरलं होतं तेवढं. बाबांनी गुडघ्यांवर बसून ओल्या थरात उजवा पंजा दाबला आणि बाजूला सरकून दुसऱ्या पंजासाठी जागा केली.

कोणी पुढे आलं नाही. बाबांनी एका जुन्या नांगऱ्याला नावाने हाक मारली. तो म्हणाला, "हम नईं, मालिक," आणि मागे सरला. दुसऱ्याला मारली, त्यानेही मान हलवली. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही दोन्ही हात मागे बांधून उभा होतो, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बाबा तिथेच बसून राहिले. दुपार झाली, माती वाळत आली, कडेने बारीक चिरा पडल्या. शेवटी त्यांनी चुना मागितला आणि स्वतःच ओतला. एका बाजूला त्यांचा पंजा पांढरा होऊन उठून दिसला. दुसऱ्या बाजूला चुना सपाट पसरला.